खेळाडूला संघातून काढायची वेळ येते तेव्हा: अमेरिकी कॉलेज हॉकीच्या प्रशिक्षकासाठी

अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीत खेळाडूला संघाबाहेर काढायचा अधिकार मुख्य प्रशिक्षकाकडे असतो, पण तो वाटतो तेवढा मोठा नसतो. हा मुलगा आपल्या संघाकडून खेळणार की नाही, एवढंच प्रशिक्षक ठरवतो. त्याची शिष्यवृत्ती राहणार की जाणार, हे विद्यापीठाचं फायनान्शियल एड ऑफिस ठरवतं. तो विद्यापीठात शिकत राहणार की नाही, हे डीनचं कार्यालय ठरवतं. प्रकरणं चिघळतात ती बहुतेक वेळा प्रशिक्षकाने तिन्ही निर्णय एका दमात सुनावल्यामुळे: "सामान आवर, स्कॉलरशिप संपली, घरी जा." यातलं फक्त पहिलं त्याच्या हातात होतं. उरलेल्या दोन गोष्टींवरून अपील होतं, वकिलाची नोटीस येते आणि मूळ निर्णय बरोबर असला तरी संशयाच्या घेऱ्यात सापडतो.

पुढचं सगळं एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था) आणि तिची सर्वांत वरची पातळी, डिव्हिजन वन, डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. डिव्हिजन थ्रीमध्ये आणि आयव्ही लीगमधल्या हॉकी खेळणाऱ्या सहा विद्यापीठांत (ब्राउन, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल) खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे तिथे पैशांचा भाग गळतो. बाकी सगळं तिथेही लागू आहे, आणि मुलींच्या संघालाही.

नियम हंगामाआधी, आणि कागदावर

ज्या नियमासाठी खेळाडूला काढायचं, तो त्याला आधी माहीत असायलाच हवा. पहिल्या संघबैठकीत दोन पानांपेक्षा मोठं नसलेलं नियमपत्र द्या, वाचून दाखवा, प्रत्येकाची तारखेसह सही घ्या आणि एक प्रत कम्प्लायन्स ऑफिसला (एनसीएएचे नियम पाळले जातात का हे पाहणारा विद्यापीठाचा विभाग) पाठवा. विद्यापीठाच्या खेळाडू-पुस्तिकेशी त्याचा मेळ बसतो की नाही हे त्याच वेळी तपासून घ्या. दोन्हींत फरक असला तर वादात पुस्तिका वरचढ ठरते.

"अमुक केलं की थेट बाहेर" असा नियम लिहू नका. सप्टेंबरात तो कडक आणि छान वाटतो. फेब्रुवारीत पहिला गोलकीपर तो मोडतो, प्रशिक्षक डोळेझाक करतो, आणि त्यानंतर त्या नियमाखाली कुणालाही काढता येत नाही. त्याऐवजी शिक्षेच्या पायऱ्या लिहा: लेखी ताकीद, एक किंवा दोन सामन्यांची बंदी, अनिश्चित काळासाठी निलंबन, संघातून काढणे. खाली एक वाक्य घाला, की कृत्य गंभीर असेल तर मुख्य प्रशिक्षक मधल्या पायऱ्या वगळू शकतो. म्हणजे शिस्त राहते आणि हातही मोकळे राहतात.

सरावानंतर दमेपर्यंत गोल लाइनपासून गोल लाइनपर्यंत पळवायची जुनी शिक्षा या पायऱ्यांत आणूच नका. शारीरिक व्यायाम शिक्षा म्हणून वापरू नये, असं एनसीएए आणि क्रीडावैद्यक संघटनांच्या २०१९ च्या शिफारशींत स्पष्ट म्हटलं आहे. अशा शिक्षेत स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शिवाय आधी अशी शिक्षा दिली असेल, तर पुढे काढलेला खेळाडू त्याच शिक्षेची तक्रार घेऊन उभा राहतो.

कारण नेमकं कुठलं?

हे ठरवल्याशिवाय एकही पाऊल टाकू नका, कारण वाट त्यावरूनच ठरते.

खेळ कमी पडतो, हे हंगामाच्या मध्यावर काढण्याचं कारण नाही. त्याला बाकावर बसवा, व्हिडिओ दाखवा, हंगाम संपल्यावर पुढच्या वर्षाबद्दल स्पष्ट बोला. ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनमध्ये खेळातली कामगिरी किंवा दुखापत या कारणावरून शिष्यवृत्ती कापता येत नाही. त्यात २०२५-२६ पासून नवा पेच आला आहे. हाउस खटल्याची (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध झालेला दावा) तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत हॉकीसाठी १८ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली आणि संघात २६ खेळाडूंची मर्यादा आली. त्याच सुमाराला कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधल्या (तिथली तरुण खेळाडूंची सर्वांत वरची लीग) मुलांनाही कॉलेज हॉकीचं दार उघडलं. सत्ताविसावा चांगला खेळाडू दारात उभा असताना सव्विसाव्याच्या फाइलमध्ये अचानक शिस्तीच्या नोंदी दिसू लागतात. असं करणं अन्याय आहे, आणि ते लपतही नाही. सुनावणीत तारखा समोर ठेवल्या की नव्या खेळाडूची बोलणी कधी सुरू झाली आणि पहिली ताकीद कधी दिली, हे सरळ दिसतं.

अभ्यासात मागे पडलेला खेळाडू आपोआप अपात्र ठरतो, त्याला वेगळं काढायची घाई नको. प्रत्येक सत्रात किमान ६ क्रेडिट, तिसऱ्या वर्षात जाताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण, ही गणितं अकॅडमिक अॅडव्हायझरकडून लेखी मागवा. इथे प्रशिक्षक हमखास विसरतात तो मुद्दा एपीआरचा, म्हणजे संघाची अभ्यासातली प्रगती मोजणाऱ्या एनसीएएच्या गुणांकाचा. शिष्यवृत्तीवरचा प्रत्येक खेळाडू दर सत्राला संघाला दोन गुण मिळवून देऊ शकतो, एक पात्र राहिल्याचा आणि एक विद्यापीठात टिकल्याचा. अपात्र अवस्थेत विद्यापीठ सोडून गेला तर दोन्ही गुण जातात. हजारांपैकी ९३० च्या खाली घसरलेल्या संघावर कारवाई होऊ शकते. म्हणून काढलेल्या मुलाने निदान चालू सत्र नीट पूर्ण करावं, यात संघाचंही हित आहे.

वर्तणूक म्हणजे उशिरा येणं, वर्ग बुडवणं, दौऱ्यावर रात्रीची वेळ न पाळणं, दारू. हॉकीत दारूचा प्रश्न जास्त अवघड असतो. ज्युनियर लीग खेळून आलेला पहिल्या वर्षाचा मुलगा २० किंवा २१ वर्षांचा असतो आणि त्याच्या शेजारच्या लॉकरवर १८ वर्षांचा बसतो. कायद्याने दारूचं वय २१. मोठ्याने लहानासाठी बाटली आणली तर ती संघाच्या नियमाची बाब राहत नाही, गुन्हा होतो. नियमपत्रात ही दोन कृत्यं वेगळी लिहा.

लैंगिक छळ, मारहाण किंवा नव्या खेळाडूंची रॅगिंग अशी तक्रार कानावर आली तर स्वतः चौकशी करू नका. कुणाला बोलावून "खरं काय ते सांग" म्हणू नका, फोनमधले मेसेज मागू नका, साक्षीदारांना एकत्र बसवू नका. त्याच दिवशी टायटल नाइन ऑफिसला (लिंगाधारित भेदभाव आणि छळाच्या तक्रारी पाहणारं विद्यापीठाचं कार्यालय) किंवा डीनच्या कार्यालयाला कळवा. डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉप कॅम्पस हेझिंग अॅक्ट झाल्यापासून रॅगिंगची प्रकरणं विद्यापीठाला जाहीर अहवालात द्यावी लागतात, त्यामुळे "संघातच मिटवू" हा पर्याय उरलेला नाही. चौकशी चालू असताना खेळाडूला खेळवायचं की नाही, हेही त्या कार्यालयाशी बोलूनच ठरवा.

शिक्षेआधी डोक्याला मार बसला होता का, हे पाहा

हा मुद्दा मुद्दाम वेगळा काढला आहे. चांगला वागणारा मुलगा नोव्हेंबरपासून सकाळच्या सरावाला उशिरा येऊ लागतो, व्हिडिओच्या खोलीत लक्ष देत नाही, सहकाऱ्यावर खेकसतो, वर्ग बुडवतो. शिस्तीच्या नजरेने पाहिलं तर चार ताकिदी तयार. पण झोप बिघडणं, चिडचिड, उजेडाचा त्रास, एकाग्रता न होणं ही कन्कशनचीही, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याचीही, लक्षणं आहेत. बोर्डावर (रिंकच्या कडेच्या भिंतीवर) आदळलेला खेळाडू अनेकदा कुणाला न सांगता पुढची शिफ्ट, म्हणजे बर्फावरची आपली पुढची पाळी, खेळतो, कारण जागा गमावण्याची भीती असते.

म्हणून दुसऱ्या लेखी ताकिदीआधी अॅथलेटिक ट्रेनरला (खेळाडूंच्या दुखापती पाहणारा वैद्यकीय कर्मचारी) एकच प्रश्न विचारा: "याला तपासायला हवं का?" निदान मागू नका, ते त्याचं खासगी आहे. तपासणी झाली आणि वर्तणुकीमागे वैद्यकीय कारण नाही असं ठरलं, तरच शिस्तीची वाट धरा. नैराश्य, व्यसन, लक्ष न लागण्याचा आजार यांनाही हेच लागू. अपंगत्वाविषयीचे दोन केंद्रीय कायदे, १९७३ चं सेक्शन ५०४ आणि १९९० चा एडीए, इथे येतात. आजाराला शिक्षा दिली असं दिसलं तर संपूर्ण विद्यापीठ अडचणीत येतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, दुखापत झालेल्या मुलाला बेशिस्त म्हणून काढणं हे प्रशिक्षकाच्या हातून होऊ शकणारं सर्वांत वाईट काम आहे.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी हव्यात: तारीख आणि वेळ, काय घडलं, कुणी पाहिलं, खेळाडूला काय सांगितलं, तो काय म्हणाला. मत नको. "वृत्ती वाईट, संघाबद्दल आदर नाही" ही नोंद निरुपयोगी आहे. हीच गोष्ट अशी लिहा: "मंगळवार, १४ जानेवारी. ७.०० च्या सरावाला ७.२५ ला आला. सहायक प्रशिक्षक आणि इक्विपमेंट मॅनेजर हजर. या महिन्यातली तिसरी वेळ. पुढच्या वेळी सामन्याची बंदी, असं ७.३० ला कार्यालयात सांगितलं. गजर वाजला नाही, असं तो म्हणाला." त्याच दिवशी हेच चार ओळींच्या ईमेलने खेळाडूला पाठवा. त्याला पाठवलेली नोंद नंतर बनवली, असं कुणी म्हणू शकत नाही.

फेर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा कायदा, विद्यार्थ्याला स्वतःची फाइल पाहण्याचा हक्क देतो. त्याने मागितल्यावर विद्यापीठाला ४५ दिवसांत ती दाखवावी लागते. फक्त स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेलं आणि कुणालाच न दाखवलेलं टिपण यातून सुटतं. सहायकाला दाखवलं की ती सवलत संपते. त्यामुळे खेळाडूने वाचलं तर लाज वाटेल असं काहीच लिहू नका, प्रशिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटातही नाही.

निर्णयाआधीचे दोन दिवस

डोकं तापलेलं असताना शब्द उच्चारायचा तो "निलंबन". निलंबन मागे घेता येतं. काढल्याचा निर्णय मागे घेतला तर प्रशिक्षकाचा शब्द हलका होतो. निलंबन सांगून ४८ तास घ्या आणि तेवढ्यात ही कामं उरका:

१. अॅथलेटिक डायरेक्टरला प्रत्यक्ष भेटून फाइल दाखवा. बातमी त्यांना तुमच्याकडून कळायला हवी.
२. कम्प्लायन्स ऑफिसरकडून तीन उत्तरं घ्या: शिष्यवृत्तीचा करार किती वर्षांचा आहे, या कारणासाठी ती रद्द होऊ शकते का, आणि ट्रान्स्फर पोर्टलची (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची एनसीएएची नोंदयादी) मुदत चालू आहे का.
३. डीनच्या कार्यालयात त्याच प्रकरणाची चौकशी चालू नाही ना, हे विचारा.
४. खेळाडू परदेशी असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोला.
५. समुपदेशकाची त्याच दिवसाची वेळ राखून ठेवा.

चौथ्या मुद्द्याबद्दल थोडं. कॉलेज हॉकीत कॅनेडियन, स्वीडिश, फिनिश मुलं बरीच असतात आणि ती एफ-१ (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या) दर्जावर शिकतात. कॅनेडियन नागरिकाला व्हिसाचा शिक्का लागत नाही, पण एफ-१ चे नियम त्यालाही असतात. संघातून काढल्याने हा दर्जा जात नाही. तो जातो पूर्णवेळ अभ्यासक्रम सोडल्यावर, म्हणजे साधारणपणे १२ क्रेडिटच्या खाली गेल्यावर. धक्क्यात मुलं दुसऱ्या दिवशी सगळे विषय रद्द करून विमान पकडतात. आधी त्या कार्यालयाची परवानगी घेऊन विद्यापीठ सोडलं तर देश सोडायला १५ दिवस मिळतात. न सांगता सोडलं तर एक दिवसही मिळत नाही आणि पुढे परत येणं अवघड होतं. हे त्याला बैठकीतच सांगणारं कुणीतरी हवं.

शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तर फाइलमध्ये लिहून ठेवा: हेच पहिल्या फळीच्या सेंटरने, म्हणजे संघाच्या मुख्य खेळाडूने, केलं असतं तर? मागच्या तीन हंगामांत अशाच कृत्याला काय शिक्षा झाली ते शोधा. फरक असेल तर त्याचं कारण दोन ओळींत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर काढू नका, सामन्यांची बंदी वाढवा.

बैठक

कॉलेज हॉकीचे सामने बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी असतात. रविवारी रात्री किंवा शुक्रवारी दुपारी ही बैठक घेऊ नका. तेव्हा मदतीची कार्यालयं बंद असतात आणि मुलगा दोन दिवस एकटा राहतो. मंगळवार किंवा बुधवारची सकाळ बरी, आणि त्याच्या वर्गाची वेळ पाहून. खोली लॉकर रूमजवळची नको. बाहेर पडताना पंचवीस जणांच्या समोरून जायला लागू नये.

खोलीत तिघंच: प्रशिक्षक, अॅथलेटिक विभागातला एक अधिकारी, खेळाडू. सगळे सहायक नकोत, कर्णधार तर मुळीच नको. निर्णय पहिल्या मिनिटात सांगा. हवापाण्याच्या गप्पांनी सुरुवात केली की त्याची आशा वाढते. शब्द साधे ठेवा:

"मी तुला आजपासून संघातून काढलं आहे. कारण १४ जानेवारी, २८ जानेवारी आणि ९ फेब्रुवारीच्या घटना, या तिन्हींबद्दल तुला लेखी कळवलं होतं. हा निर्णय संघापुरता आहे. तू इथला विद्यार्थी आहेस, उद्याचे वर्ग चालू आहेत. तुझ्या शिष्यवृत्तीबद्दल मी काही ठरवत नाही, त्याचं पत्र फायनान्शियल एड ऑफिसकडून येईल."

मग थांबा. त्याला बोलू द्या, टिपून घ्या, वाद घालू नका. रडला तर पाणी द्या आणि वाट पाहा. "तुझ्या भल्यासाठीच" असं म्हणू नका, तो त्या क्षणी ते ऐकू शकत नाही. "पुढच्या वर्षी बघू" असंही म्हणू नका, तसं खरंच लेखी ठरलं नसेल तर. पंधरा-वीस मिनिटांत संपवा.

एक सापळा मात्र कटाक्षाने टाळा. अवघडलेला प्रशिक्षक म्हणतो, "तूच सोडतोयस असं लिहून दे, दोघांचीही शोभा राहील." एनसीएएच्या नियमात खेळाडूने आपणहून खेळ सोडणं हे शिष्यवृत्ती रद्द करण्याचं मान्य कारण आहे. म्हणजे एका सहीने मुलगा वर्षाचे हजारो डॉलर गमावू शकतो आणि त्याला ते कळतही नाही. राजीनाम्याचा कागद त्या खोलीत नेऊच नका. त्याने आपणहून विषय काढला तरी सांगा, की आधी कम्प्लायन्स ऑफिसशी आणि घरच्यांशी बोल, आज कशावरही सही करू नकोस.

उठताना त्याच्या हातात एक पाकीट द्या. त्यात निर्णयाचं एका पानाचं पत्र, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं ते, समुपदेशकाची राखून ठेवलेली वेळ, अकॅडमिक अॅडव्हायझरचं नाव, आणि मानसिक संकटासाठी देशभर चालणारा ९८८ हा नंबर. खोलीबाहेर त्याच्या विश्वासातलं कुणीतरी थांबलेलं असावं. बहुतेक संघांत ते अॅथलेटिक ट्रेनर असतात.

आई-वडिलांना कोण सांगणार? विद्यापीठात दाखल झाल्यावर फेर्पाचे हक्क विद्यार्थ्याचे होतात, त्यामुळे प्रशिक्षकाने परस्पर फोन करू नये. मुलानेच करावा, हवा तर त्याच कार्यालयातून. त्याने लेखी संमती दिली की प्रशिक्षकाने फोन जरूर घ्यावा आणि बैठकीत सांगितलं तेवढंच सांगावं.

शिष्यवृत्ती आणि पोर्टल

वर्षाच्या मध्ये खेळाची मदत रद्द करायला मोजकीच कारणं चालतात: खेळाडू अपात्र होणं, अर्जात किंवा करारात खोटी माहिती देणं, आपणहून खेळ सोडणं, आणि गंभीर गैरवर्तन. गैरवर्तनाच्या बाबतीत तो ठपका विद्यापीठाच्या नेहमीच्या विद्यार्थी-शिस्त यंत्रणेने ठेवावा लागतो. प्रशिक्षकाच्या फाइलमधल्या ताकिदी त्यासाठी पुरत नाहीत. मदत कमी केली, रद्द केली किंवा पुढच्या वर्षी दिली नाही, तर सुनावणीचा हक्क आहे हे विद्यापीठाने लेखी कळवावं लागतं. ती सुनावणी अॅथलेटिक विभागाबाहेरच्या लोकांसमोर होते. पुढच्या वर्षाच्या मदतीचा निर्णय १ जुलैपर्यंत कळवायचा असतो.

दुसरीकडे खेळायचं असेल तर खेळाडूने ट्रान्स्फर पोर्टलसाठी लेखी विनंती करायची आणि कम्प्लायन्स ऑफिसने दोन कामकाजाच्या दिवसांत नाव घालायचं. नाव दिसेपर्यंत इतर विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकत नाहीत. ही विनंती अडवून ठेवणं किंवा "अमुक संघात जाऊ नकोस" म्हणणं प्रशिक्षकाच्या अधिकारात नाही.

संघाला आणि बाहेरच्यांना

खेळाडू खोलीबाहेर पडल्यापासून तासाभरात संघाला एकत्र बोलवा. उशीर केला तर फोनवरून भलतीच गोष्ट पसरते. तीन वाक्यं पुरतात: तो आता संघात नाही, कारणांवर मी बोलणार नाही, तो तुमचा मित्र आहे आणि तुम्ही त्याच्याशी बोलत राहा. शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच्याबरोबर भाड्याच्या घरात राहणारे दोघं-तिघं संघातच असतात आणि त्याच्याशी बोलावं की नाही हे त्यांना कळत नसतं. कर्णधारांशी नंतर वेगळं बोला, पण त्यांनाही कारण सांगू नका.

पत्रकारांसाठी एकच ओळ, स्पोर्ट्स इन्फर्मेशन ऑफिसकडून: "हा खेळाडू आता संघाचा सदस्य नाही." "संघाचे नियम मोडल्याबद्दल" ही जोड निरुपद्रवी वाटते, पण ती शिस्तीच्या नोंदीतली माहिती आहे, आणि त्या तीन शब्दांवरून लोक वाटेल ते तर्क करतात. संकेतस्थळावरच्या यादीतून नाव त्याच दिवशी काढा.

नंतरची कामं

लॉकर त्याने स्वतः रिकामा करावा, सराव नसताना, इक्विपमेंट मॅनेजरच्या मदतीने. विद्यापीठाचं काय आणि त्याचं काय, याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. स्केट त्याच्या पायाच्या मापाने तापवून बसवलेले असतात, दुसऱ्याच्या उपयोगाचे नसतात. विद्यापीठाचे असले तरी ते त्याला देता येतील का, हे कम्प्लायन्सला विचारा. रिंकचं कार्ड आणि व्हिडिओ अॅपचा प्रवेश बंद करा, अभ्यासिकेचा आणि ट्यूटरचा मात्र सत्र संपेपर्यंत चालू ठेवायला सांगा. खेळताना झालेली दुखापत शिल्लक असेल तर उपचार थांबत नाहीत. डिव्हिजन वनमध्ये संघ सोडल्यावरही किमान दोन वर्षं तो खर्च विद्यापीठाकडे असतो.

दोन आठवड्यांनी अॅकॅडमिक अॅडव्हायझरला विचारा, मुलगा वर्गात येतो का. येत नसेल तर डीनच्या कार्यालयाला कळवा.

आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचा फोन येईल. फेर्पा फोनवरही लागू असतो, म्हणून खेळाडूची लेखी संमती असेल तरच शिस्तीबद्दल बोला. संमती असेल तर तारखांसह घडलेलं सांगा, त्यानंतर त्याने काय सुधारलं तेही सांगा. संमती नसेल तर बर्फावरचा खेळ कसा आहे तेवढं सांगा: डाव्या बाजूने खेळतो, पेनल्टी किल (संघात एक खेळाडू कमी असतानाचा बचाव) चांगला करतो, फेसऑफ (खेळ सुरू करताना पक मिळवण्याची झटापट) कच्चा आहे. बाकीचं त्यालाच विचारा, असं म्हणून फोन ठेवा.